फिश टँकच्या स्टँडमध्ये संप कसा बसवायचा? मापं, पाईप आणि लाईट गेल्यावरचं गणित

परभणीत एखाद्याला सांगितलं की "मी टँकखाली संप बसवतोय", तर दोनपैकी एक प्रश्न येतो. एक, कुणाचा संप? आणि दोन, अंगणातला हौद असतो तो का? दुसरा अंदाज तसा जवळचा आहे. फिश टँकचा संप म्हणजे मुख्य टँकच्या खाली, स्टँडच्या आत ठेवलेली दुसरी छोटी काचेची टाकी. वरच्या टँकचं पाणी पाईपातून स्वतःच्या वजनाने खाली येतं, खालच्या टाकीत गाळलं जातं आणि पंप ते परत वर पाठवतो. बस, एवढंच तत्त्व. फिल्टर, हीटर, पंप, वायरी सगळं खाली दाराआड जातं आणि वर फक्त मासे दिसतात.

हे वाचायला सोपं आहे. माझ्या घरी मात्र पहिल्या आठवड्यातच रात्री दोन वाजता हॉलमध्ये पाणी झालं होतं. ते का झालं, हे या लेखात सगळ्यात सविस्तर सांगणार आहे, कारण स्टँड, काच, पाईप यांच्या चुका पैशांत भरून निघतात. ही चूक तशी नाही.

आधी हे ठरवा: तुम्हाला संप लागतो का?

दोन फुटी टँकमध्ये गप्पी, मोली असतील तर नाही. स्पंज फिल्टर आणि आठवड्याला थोडं पाणी बदलणं पुरतं. संप लागतो तो मोठ्या आणि जास्त घाण करणाऱ्या माशांना: ऑस्कर, फ्लॉवर हॉर्न, मोठे गोल्डफिश. माझ्याकडे दोन ऑस्कर आहेत. टँक ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. पूर्ण भरला तर २५५ लिटर, साडेसोळा इंचांपर्यंत भरला तर साधारण २३० लिटर. पाठीवर लटकवायच्या फिल्टरने हे दोघे आवरेनात, पाणी सतत पिवळट दिसायचं, म्हणून संप केला.

संपाचा दुसरा फायदा म्हणजे पाण्याचा एकूण साठा वाढतो. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२-४३ च्या पुढे जातो, तेव्हा जेवढं पाणी जास्त तेवढं ते सावकाश तापतं. थंडीच्या लाटेत हाच पारा एक आकडी येतो, तेव्हाही तसंच.

स्टँड: संप आत जाणार कसा?

माझी पहिली चूक इथे झाली. वेल्डिंगच्या दुकानात दीड इंची चौकोनी पाईपचा स्टँड करायला दिला: ४८ इंच लांब, १८ इंच रुंद, ३० इंच उंच. मिस्त्री अनुभवी माणूस. म्हणाले, "भाऊ, चार फुटाला मधी पाय टाकावा लागतो बरं का. नाहीतर पाईप वाकतो." मी म्हटलं, "टाका मामा." ते बरोबरच बोलले होते. टँक, पाणी, रेती, संप आणि स्टँड स्वतः मिळून जवळजवळ चारशे किलोचं प्रकरण होतं. त्यात २३० किलो तर नुसतं वरचं पाणी, आणि १० एमएम काचेच्या टँकचं स्वतःचं वजन पन्नास किलोच्या आसपास.

पण मधला पाय आल्यावर समोरची मोकळी जागा दोन भागांत वाटली गेली, प्रत्येकी जेमतेम पावणेबावीस इंच. माझा संप ३० इंच लांब. स्टँड रंगवून, जागेवर ठेवून झाला आणि मग कळलं की संप समोरून आत जातच नाही! शेवटी स्टँड भिंतीपासून सरकवून संप बाजूने घातला. बाजूची मोकळी जागा १५ इंच होती आणि संप १२ इंच रुंद, म्हणून निभावलं. पण आता तो कधी बाहेर काढायचा झाला तर स्टँडच्या शेजारी तीन फूट जागा मोकळी करावी लागणार.

तुम्ही ऑर्डर देतानाच मिस्त्रींना सांगा की मधला पुढचा पाय वेल्ड न करता नटबोल्टने बसवा. टँक रिकामा असताना तो काढता येतो. किंवा पुढचा वरचा आडवा पाईप जाड घेऊन मधला पाय फक्त मागे ठेवा, पण हे त्यांच्याशी वजनाचा आकडा सांगून बोलूनच ठरवा. "फिश टँकचा स्टँड" एवढंच सांगितलं तर ते दोन फुटी टँक डोळ्यासमोर आणतात.

उंचीचंही पाहा. ३० इंची स्टँडमध्ये वरखालचे पाईप आणि तळाची प्लायवूड वजा जाता आत साधारण २६ इंच मिळतात. संप १४ इंच उंच घेतला तर वर १२ इंच उरतात. ही जागा वाया गेलेली नाही. पंप उचलून बाहेर काढायला, कापूस बदलायला हात कोपरापर्यंत आत जावा लागतो. काही जण संप मोठा करण्याच्या नादात वर चार इंच ठेवतात आणि मग सहा महिने कापूस बदलत नाहीत.

लोखंडाला रेड ऑक्साईड मारून वर दोन हात ऑइल पेंट द्या. आत कायम दमट हवा असते. प्लायवूडच्या कापलेल्या कडांनाही रंग किंवा वॉर्निश लावा, प्लाय फुगायला सुरुवात कडेपासूनच होते. मागची बाजू उघडी ठेवलेली उत्तम.

संपाच्या आतले कप्पे

माझा संप ३० × १२ × १४ इंचांचा, ६ एमएम काचेचा. काचवाल्याकडून कापून घेतला आणि आतल्या पट्ट्या स्वतः सिलिकॉनने चिकटवल्या. सिलिकॉन घेताना बुरशीविरोधी औषध नसलेलं, साधं पारदर्शक घ्या. बाथरूमसाठीचं घेऊ नका. लावल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो, तो पूर्ण जाईपर्यंत थांबा. मी आठवडाभर थांबलो.

पाणी येतं त्या बाजूला पहिला कप्पा. इथे पांढरा फिल्टर वूल, म्हणजे आपल्या भाषेत कापूस, मोठी घाण अडवतो. त्यानंतर मोठा मधला कप्पा. हा खरा कारखाना. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. या बॅक्टेरियांना चिकटून राहायला जागा लागते, म्हणून सिरॅमिक रिंग, बायो बॉल किंवा लाव्हा रॉक भरतात. मला एकाने विचारलं होतं की आपला काळा दगडही लाव्हाचाच ना, मग खडी टाकली तर? लाव्हाचा आहे हे खरं, पण रस्त्यावरची खडी घट्ट असते, तिला छिद्रं नसतात, त्यामुळे बॅक्टेरियांना फक्त वरचा पृष्ठभाग मिळतो. त्यापेक्षा भांडी घासायच्या प्लास्टिकच्या नव्या घासण्या स्वस्त पडतात आणि चांगलं काम करतात. साबण लावलेल्या नकोत, आणि तारेच्या तर अजिबात नकोत.

मधल्या आणि शेवटच्या कप्प्याच्या मध्ये तीन काचा जवळजवळ लावायच्या. पहिली तळापासून ९ इंच उंच, पाणी तिच्या वरून जातं. दुसरी तळापासून इंचभर उचललेली, पाणी तिच्या खालून जातं. तिसरी पुन्हा ९ इंच. या वरखाली प्रवासात बुडबुडे मागे राहतात. नाहीतर वरच्या टँकमध्ये सोडा वॉटरसारखा फेस दिसतो.

शेवटचा कप्पा पंपाचा. माझा १० इंच लांब आहे आणि चालू असताना त्यात ७ इंच पाणी असतं. एक गोष्ट लक्षात ठेवा: वाफ होऊन पाणी कमी झालं की ते फक्त याच कप्प्यात कमी दिसतं. वरच्या टँकची पातळी हलत नाही, मधल्या कप्प्यांचीही नाही. हीटर म्हणूनच पंपाच्या कप्प्यात ठेवायचा नाही. पाणी उतरलं तर तो उघडा पडून फुटतो. मधल्या कप्प्यात ठेवा.

पाणी खाली कसं आणायचं?

दोन पद्धती आहेत. पहिली, काचेला भोक पाडून. दुसरी, टँकच्या काठावर लटकवायचा डबा आणि त्यातून उलट्या यू आकाराच्या नळीने सायफन.

दुसरी पद्धत भोक न पाडता जमते म्हणून आकर्षक वाटते. पण त्या नळीत हवा साठून सायफन तुटला तर पाणी खाली येणं थांबतं आणि पंप मात्र वर पाठवतच राहतो. जिथे दिवसातून चार वेळा लाईट येते-जाते तिथे हा डाव मी खेळणार नाही. माझं स्पष्ट मत: भोक पाडा.

साध्या काचेला डायमंड होल सॉने, सतत पाणी सोडत, सावकाश भोक पडतं. टफन केलेल्या काचेला पाडायला जाल तर पूर्ण काच चुरा होईल, म्हणून काच कोणती ते आधी विचारून घ्या. भोकात बसवायला वेगळं काही मागवायची गरज नाही. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीला लागतं तेच टँक निपल, रबर वॉशरसकट. आधी निपल विकत घ्या, त्याचा आट्याचा व्यास मोजा आणि मग त्या मापाचा होल सॉ आणा. उलट क्रमाने गेलात तर पस्तावाल.

मी एक इंची दोन पाईप ठेवले आहेत. एक रोजचा. दुसऱ्याचं तोंड पहिल्यापेक्षा इंचभर वर, एरवी कोरडा. पहिल्यात गोगलगाय किंवा झाडाचं पान अडकलं तर दुसरा कामाला येतो. दोन्ही पाईपांच्या तोंडाला जाळी. आणि समजा दोन्ही तुंबले तरी काय होईल, तेही मोजून ठेवलंय: पंपाच्या कप्प्यातून पंप जास्तीत जास्त १० लिटर उपसू शकतो, मग तो हवा ओढायला लागतो. १० लिटरने वरच्या टँकची पातळी पाऊण इंचाच्या आत वाढते, आणि वर दीड इंच जागा मोकळी आहे. पाणी बाहेर येत नाही. पंप कोरडा चालून खराब होईल, पण तो पंप आहे.

पंप घेताना खोक्यावरचा लिटरचा आकडा खरा धरू नका. तो पाणी वर चढवायचं नसतानाचा असतो. शेजारी 'एच मॅक्स' लिहिलेलं असतं, म्हणजे एवढ्या उंचीला प्रवाह शून्य. तासाला २००० लिटर आणि एच मॅक्स २ मीटर असेल, तर माझ्यासारख्या एक मीटर चढाला ढोबळमानाने निम्मं, १००० लिटर मिळेल. एल्बो जास्त लावाल तर त्याहून कमी. टँकचं पाणी तासाला चार वेळा फिरलं की पुरे.

लाईट गेली की काय होतं?

आता मुख्य मुद्दा. पंप बंद पडला की वर जाणारा पाईप पाण्याने भरलेलाच असतो. त्याचं एक तोंड वरच्या टँकमध्ये बुडालेलं, दुसरं खाली संपात. म्हणजे तो आपोआप सायफन होतो आणि उलटा चालतो. वरचं पाणी त्याच पाईपातून खाली यायला लागतं. कुठपर्यंत? वरचं तोंड हवेत उघडं पडेपर्यंत.

मी पाईपाचं तोंड पाण्याखाली ४ इंच ठेवलं होतं. आवाज कमी येतो म्हणून. वरच्या टँकमध्ये १ इंच पाणी म्हणजे साधारण १४ लिटर. ४ इंच म्हणजे ५६ लिटर. त्यात पाईपांतलं आणि ओव्हरफ्लोमधलं ५ लिटर धरा. एकूण ६१ लिटर पाणी खाली येणार. संपात जागा किती? ९ इंचांपासून १४ इंचांपर्यंतचे ५ इंच, अधिक पंपाच्या कप्प्यातले रिकामे २ इंच. हिशोब केला तर ३३ लिटर. उरलेले २८ लिटर जाणार कुठे? हॉलमध्ये.

एप्रिल महिना, रात्री दोनची वेळ. लाईट गेली. मी झोपलेलो. आई पाणी प्यायला उठली, अंधारात, अनवाणी. पाय ओले झाले तसा तिने आवाज दिला, "अरे, माठ फुटला का काय?" मी मोबाईलचा टॉर्च लावून बाहेर आलो. फरशीभर पाणी आणि स्टँडच्या तळाशी, त्या पाण्यात पडलेला एक्स्टेंशन बोर्ड, पंप आणि लाइटच्या पिना लावलेला. आई त्याच्यापासून दोन फुटांवर उभी. तिला "हलू नको" म्हणालो आणि मेन स्विच पाडायला पळालो. मेन बंद करून परत आलो, तिला हाताला धरून खाटेवर बसवलं, आणि पाचेक मिनिटांत गल्लीतले दिवे लागले. आमच्या घरातले नाहीत, कारण मेन बंद होता.

आई म्हणाली, "मासे बरे आहेत ना?" मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी तीन गोष्टी केल्या. पहिली, पाईपाचं तोंड पाण्याखाली फक्त १ इंच आणलं. आता १४ अधिक ५, म्हणजे २० लिटरच्या आत पाणी खाली येतं आणि ३३ लिटरची जागा आहे. दुसरी, पाईपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली ४ एमएमचं भोक पाडलं, म्हणजे पातळी उतरली की भोकातून हवा शिरते आणि सायफन लगेच तुटतो. पण या भोकावर एकट्यावर विसंबू नका. शेवाळाने ते बुजतं, मी दर महिन्याला टूथपिकने साफ करतो. काही जण पाईपात नॉन रिटर्न व्हॉल्व बसवतात. तोही चालेल, पण त्यात एक बारीक खडा अडकला की तो उघडाच राहतो. जागेचा हिशोब बरोबर असेल तर भोक बुजलं आणि व्हॉल्व अडकला तरी फरशी कोरडी राहते.

तिसरी गोष्ट विजेची. बोर्ड आता स्टँडच्या आत, वरच्या कोपऱ्यात, बाजूच्या प्लायवर स्क्रूने बसवलाय, संपाच्या डोक्यावर नाही. प्रत्येक वायर बोर्डात जाण्याआधी खाली झोका घेऊन मग वर चढते, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी टपकतं, पिनेत जात नाही. आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवून घेतली. करंट गळायला लागला की ती सप्लाय तोडते. नेहमीची एमसीबी हे काम करत नाही. ती ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटसाठी असते. घराचं अर्थिंग नीट आहे का हेही त्याच वेळी तपासून घ्या. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या पिनेला मागे वायरच नसते. आमच्याकडे तसंच निघालं.

आणि टँकमध्ये हात घालताना पंप आणि हीटर दोन्ही बंद. दरवेळी.

टेस्ट कशी घ्यायची

मासे सोडण्याआधी सगळं जोडून साधं पाणी भरा आणि पंप चालू करा. संपावर मार्करने पातळीची रेघ मारा: 'चालू'. मग पिन काढा आणि पाच-सात मिनिटं पाहत राहा. पाणी चढायचं थांबलं की दुसरी रेघ: 'बंद'. ही दुसरी रेघ काठापासून किमान दोन इंच खाली हवी. नंतर हवेचं भोक बोटाने दाबून धरून पुन्हा तेच करा. त्यातही काठाच्या आत राहिलं, तरच पुढे जा. मग एक दिवस-रात्र चालू ठेवून प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवा. थेंबाचा डाग कागदावर लगेच कळतो.

मासे लगेच भरू नका. बॅक्टेरिया तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. जुना टँक असेल तर त्यातलाच स्पंज नव्या संपात ठेवा, काम लवकर होतं. आणि फिल्टरचं सामान नळाखाली धुऊ नका. पावसाळ्यात नळाच्या पाण्यात क्लोरीन जास्त असतं, त्यात बॅक्टेरिया मरतात. टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात खळबळून घ्या.

लाईट तासन्‌तास गेली तर?

तासा-दोन तासांनी काही बिघडत नाही. त्यापुढे वरच्या माशांना आणि खालच्या बॅक्टेरियांना ऑक्सिजन कमी पडायला लागतो. माझा पंप ३० वॉटचा आहे, इन्व्हर्टरवर एका पंख्यापेक्षाही कमी खातो, म्हणून तो इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलाय. फक्त इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर पंप गुणगुणतो आणि जास्त तापतो. साइन वेव्हवर शांत चालतो. शिवाय चार्जिंगचा एक छोटा एअर पंप वरच्या टँकसाठी ठेवलाय. आणि संप रात्रभर बंद राहिला, त्याला कुजकट वास येत असेल, तर लाईट आल्या आल्या पंप सुरू करू नका. आधी संपातलं पाणी काढून टाका. नाहीतर ते सगळं माशांवर जातं.

उन्हाळा आणि बोअरचं पाणी

एप्रिल-मे मध्ये माझ्या टँकमधून रोज तीन-चार लिटर पाणी उडतं. पंपाच्या कप्प्यात १ इंच म्हणजे फक्त २ लिटर. म्हणजे तीन दिवस गावाला गेलो तर पंप कोरडा. यावर उपाय कूलरच्या दुकानात मिळतो: कूलरमध्ये पाणी आपोआप भरायचा फ्लोट व्हॉल्व. संपाशेजारी विटांवर १० लिटरचा कॅन ठेवून त्याची नळी या व्हॉल्वला जोडली. हा व्हॉल्व गच्चीच्या टाकीला थेट जोडायचा मोह होईल. जोडू नका. तो अडकला तर अख्खी टाकी घरात रिकामी होईल. कॅन असेल तर फार तर १० लिटर येतील, आणि वरचे २० धरूनही ते ३३ लिटरच्या जागेत मावतात.

आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, आणि त्यावर पुन्हा जड पाणी टाकलं की क्षार वाढतच जातात. म्हणून उडालेलं पाणी भरायला मी आरओचं शुद्ध पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरतो. आरओमधून वाया जाणारं पाणी यात टाकू नका, त्यात तर क्षार जास्तच असतात. काचेवर आणि पंपाच्या पंख्यावर पांढरा थर येतोच. दोन महिन्यांनी पंप काढून लिंबू सत घातलेल्या पाण्यात तासभर बुडवतो, मग जुन्या टूथब्रशने घासून, साध्या पाण्याने धुऊन परत लावतो. पंप आवाज करायला लागला तर बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो, हा थरच असतो.

पाणी फार तापलं तर संपावर छोटा पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात. पण मग पाणीही जास्त उडतं, म्हणजे कॅन रोज बघा. आणि संप काही दिवस बंद ठेवणार असाल तर वर मच्छरदाणीचा तुकडा टाका. साचलेल्या पाण्यात डास लगेच अंडी घालतात.